काही सुधरत नसेल तर आधी केळं खा

आमच्या मेडिकलवर दुपारी तीननंतर जे गिऱ्हाईक येतं ना, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात डॉक्टरची चिठ्ठीच नसते. काउंटरवर दोन्ही हात टेकवायचे, बाजूला कोण उभं आहे ते बघायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "काहीच सुधरी नही ऱ्हायनं भाऊ, काहीतरी दे." ताप नाही, सर्दी नाही, पोट ठीक. नुसतं कसंतरीच होतंय, अंगात त्राण नाही, कामात लक्ष नाही, घरात कुणी काही बोललं की चीड येते, आणि काय झालं विचारलं तर तेही धड सांगता येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात मेडिकल चालवलं की हे वाक्य रोज कानावर पडतं आणि खरं सांगू का, काउंटरच्या या बाजूला बसून मलाही महिन्यातून एक-दोनदा अगदी हेच होतं. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, तेव्हा खाली जे लिहितोय ते थोडं शिकलेलं, बरंचसं बघितलेलं असं समजून वाचा.

यातल्या निम्म्या लोकांना मनातून हवी असते सलाईन. "एखादी बाटली चढवली की फ्रेश वाटतं" ही आपल्या भागातली पक्की समजूत आहे, आणि गंमत म्हणजे खरंच वाटतं त्यांना फ्रेश. आता त्या बाटलीत असतं काय ते बघा. डीएनएसची 500 मिलीची बाटली म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे 25 ग्रॅम साखर, आणि साडेचार ग्रॅम मीठ, बाकी सगळं पाणी. कॅलरी शंभरच्या आतबाहेर. एका मध्यम केळ्यात तेवढ्याच कॅलरी असतात, वर पोटॅशियम मिळतं जे त्या बाटलीत थेंबभरही नसतं. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालं, रावेर-यावलचा माल ट्रक भरभरून उत्तरेला जातो, आणि इथला माणूस एका केळ्याची साखर सुई टोचून घेतो!

पण मग फ्रेश का वाटतं? मला वाटतं ते बाटलीमुळे नाहीच. सलाईन लावलेला माणूस काय करतो बघा ना. दीड-दोन तास फॅनखाली आडवा पडतो. हाताला सुई म्हणून मोबाईल धरता येत नाही. घरचं कुणीतरी शेजारी स्टुलावर बसलेलं असतं. "आता कसं वाटतंय" असं पाच-सहा जण विचारून जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दोन तासांत त्याला कुणी काम सांगत नाही. वर्षभरात त्या माणसाच्या वाट्याला आलेले हेच दोन तास निवांत असतात, आणि त्यासाठी त्याला पैसे मोजून आजारी पडावं लागतं. (उलट्या-जुलाब, डेंग्यू असल्या खऱ्या आजारात सलाईन लागते ती लागतेच, त्याबद्दल मी बोलत नाहीये.)

तर माझं म्हणणं एवढंच आहे की बाटली सोडून बाकीचं सगळं घरी मिळवता येतं का ते आधी बघा. आणि कारण शोधत बसू नका. आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, 1916 पासूनची, मनाचा विचार तिथं भरपूर होऊन गेलाय, पण रिकाम्या पोटी विचार करायला बसलं की आयुष्यातली सगळी दुःखं एकदम आठवतात असा माझा अनुभव आहे. जेवल्यावर त्यातली अर्धी तरी राहत नाहीत.

मी काउंटरवर विचारतो तेही त्याच क्रमाने विचारतो. सकाळपासून काय खाल्लं? उत्तर ठरलेलं, "चहा घेतला ना." किती वेळा? मग तोंडावर हसू. रिकाम्या पोटी चहावर चहा झाला की छातीत जळजळ, हाताला थोडी थरथर, धडधड, आणि माणसाला वाटतं आपल्याला टेन्शन आलंय. त्यात चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहाचा अर्धा हिस्सा रात्री अकरा वाजता अंगात असतोच, आणि मग झोप येत नाही म्हणून परत माझ्याकडं गोळी मागायला येणार. आमची मोठी माय म्हणजे आजी, तिच्यासमोर कुणी तोंड पाडून आलं की ती ऐकूनच घ्यायची नाही, "पहिले भाकर खाय, मंग बोल" म्हणायची आणि कळण्याची भाकर, वर शेंगदाण्याची चटणी नाहीतर ठेचा, कच्चं तेल असं समोर ठेवायची. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ ते, म्हणजे प्रोटीनसुद्धा आलंच, पण तिला प्रोटीन वगैरे काही माहीत नव्हतं, समोरचा बोलायच्या आधी त्याला गप्प करायचं एवढंच तिचं धोरण.

पाण्याचं तर आपल्याकडं विचारूच नका. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि माणसं सकाळी एक तांब्या पिऊन निघतात ते थेट दुपारी. वजनाच्या दीड-दोन टक्के पाणी अंगातून कमी झालं तरी डोकं जड होतं, लक्ष लागत नाही, चिडचिड सुरू होते. साठ किलोच्या माणसाचं हे झालं साधारण लिटरभर पाणी, उन्हात काम करणाऱ्याच्या घामात एवढं सहज निघून जातं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मठ्ठा घ्या मीठ घालून, किंवा घरीच एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे छोटे चमचे बरं का, सपाट भरलेले. बीपी-शुगरवाल्यांनी मात्र डॉक्टरला विचारून. आणि फ्रिजमधले ते रंगीत गोड डबे ओआरएस समजून घेऊ नका, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला असेल तीच घ्या, माझ्याकडं दोन्ही विकायला असतात तरी सांगतोय.

झोपेचा विषय जरा मोठा आहे. थंडीत, रब्बीच्या टायमाला, माझ्याकडं सगळ्यात जास्त "अशक्तपणा"वाले येतात शेतकरी, तेही तरणेताठे, आणि विचारलं की कळतं काल रात्री लाईट होती. शेतीच्या थ्री फेजचं वेळापत्रक असतं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी आली त्या आठवड्यात हा माणूस रात्री बॅटरी घेऊन बांधावर, हरभऱ्याला नाहीतर मक्याला पाणी भरणं, मधेच फ्यूज गेला की डीपीजवळ उभं राहायचं, बिबट्याची भीती वेगळी, आणि पहाटे घरी येऊन दोन तास पडला न पडला की दूध, गुरं, पोरांची शाळा. त्याला तुम्ही बी-कॉम्प्लेक्स देऊन काय होणार आहे? ज्यांनी सोलर पंप बसवलेत ते आता सांगतात की दिवसा पाणी भरतो आणि रात्री झोपतो, मूड वगैरे आपोआप लागला ताळ्यावर. बाकीच्यांना मी एवढंच सांगतो की रात्रपाळीनंतर घरी आलास की दाराखिडकीला जाड चादर लाव, अंधार कर, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि चार तास तरी कुणी उठवायचं नाही असं घरात सांगून ठेव. दुपारची डुलकी घ्यायची तर वीसेक मिनिटांची घ्या नाहीतर सरळ दीड तासाची, मधलं काही केलं की गाढ झोपेतून अर्धवट उठल्यासारखं होतं आणि मग संध्याकाळपर्यंत तोंड सुजलेलं. आमच्या ओट्यावर बसणारे एक नाना आहेत, ते जेवल्यावर खुर्चीतच मान टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप जागे होतात. त्यांच्या वयाच्या कुणाला मी एवढं टवटवीत बघितलं नाही.

आता ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी. तोंडावर थंड पाणी मारा, पण नीट मारा, कपाळ, डोळे, गाल सगळं ओलं होईल असं, आणि तेवढा वेळ श्वास धरा. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके थोडे संथ होतात, हे शरीराचं जन्मजात गणित आहे, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत असतं तेच आपल्यातही थोडं आहे. हार्टचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. अडचण अशी की खान्देशात उन्हाळ्यात नळाचं पाणी गार नसतंच, दुपारी टाकीचं पाणी हाताला चटके देतं, त्यामुळं आमच्या घरी रात्रीच बादली भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि दुपारी ती वापरायची अशी पद्धत आहे. माठाचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं, पण माठातलं पाणी तोंड धुवायला वापरलं की घरातली बाई काय बोलेल ते तुमचं तुम्ही बघा.

दुसरं म्हणजे श्वास. नाकाने श्वास घ्यायचा, सोडायच्या आधी त्यावरच आणखी एक छोटा घ्यायचा, आणि मग तोंडाने सावकाश, जितका लांबवता येईल तितका लांबवत सोडायचा. स्टॅनफर्डच्या लोकांनी 2023 साली हे छापलं, रोज पाच मिनिटं महिनाभर असं करणाऱ्यांचा मूड नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. ध्यान मला कधी जमलं नाही, डोळे मिटले की कोणाची उधारी किती ते दिसायला लागतं, पण हा उसासा मला जमतो. वर्षभराची उधारी असलेला माणूस दुकानासमोरून मान वळवून बुलेटवर जातो तेव्हा तर हमखास.

मोबाईलबद्दल नवीन काय सांगू. मूड गेला म्हणून रील्स बघायला बसायचं आणि तासाभराने उठून मूड का गेला ते आठवायचं. सकाळी सहाला येणारे सुविचार, उगवत्या सूर्याचे फोटो, हे ज्याला पाठवता त्याला राग येतो एवढं लक्षात ठेवा. पुढे.

लिहिण्याचा उपाय मला अपघाताने मिळाला कारण औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे प्रतिनिधी, फुकट पॅड देऊन जातात आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्नच असतो. वर कुठल्यातरी ॲसिडिटीच्या गोळीचं नाव, खाली कोरं पान. त्यावर मी डोक्यात जे फिरतंय ते खरडतो, व्याकरण नाही, क्रम नाही, शिव्यासुद्धा असतात, आणि फाडून टाकतो. नंतर वाचण्यात आलं की 1986 मध्ये अमेरिकेत पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या पोरांना सलग चार दिवस 15 मिनिटं मनात सलत असलेलं लिहायला लावलं होतं, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या पोरांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पण त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, लिहून झाल्या झाल्या त्या पोरांना आणखीच उदास वाटलं होतं. म्हणून रात्री झोपायच्या आधी हे करू नका, दिवसा करा, आणि लिहून झालं की उठून काहीतरी कामाला लागा. मी एक्स्पायरीचा माल निवडतो. तीन महिन्यांत संपणारा एका खोक्यात, सहा महिन्यांचा दुसऱ्यात. कंटाळवाणं काम आहे पण हात चालू राहतात आणि शेवटी एक कपाट स्वच्छ झालेलं दिसतं.

गावाबाहेर पडता आलं तर उत्तमच, पण त्याला तोरणमाळच गाठलं पाहिजे असं नाही. आमच्याकडं भुसावळ-सुरत लाईन आहे. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि बाकड्यावर बसायचं, मालगाडीचे डबे मोजत. अर्धा दिवस मोकळा असेल तर पॅसेंजरने नंदुरबारपर्यंत जाऊन यायचं. हिवाळ्यात नंदुरबारजवळ मिरचीच्या पथारी लागतात, जमिनीवर नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली, उन्हात असला रंग दिसतो की बघतच राहावं. जवळ जाऊन बघायचा शहाणपणा मात्र करू नका, वारा फिरला तर सगळा मूड नाकाडोळ्यांतून वाहून जातो.

हे झालं रोजच्या कसंतरी वाटण्याचं. पण काउंटरवर असे पण लोक येतात ज्यांना केळं, मठ्ठा, झोप यातलं काहीच लागू होत नाही, आणि ते ओळखायला शिकावं लागतं. दोन आठवड्यांच्या वर सलग उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीतसुद्धा रस राहिला नाही, झोप-भूक बिघडलीय, तर तो मूडचा प्रश्न नाही, डॉक्टरकडंच जायचं. त्याच चकरेत हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी-12 तपासून घ्या. आपल्याकडं शाकाहारी घरं भरपूर आणि बी-12 वनस्पतींच्या अन्नात जवळजवळ नसतंच, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर ते आणखी कमी होतं, आणि मग थकवा, मुंग्या, चिडचिड, विसरणं हे सगळं माणूस वयावर ढकलतो. झोपेच्या गोळ्यांचं सांगतो, अल्प्राझोलाम वगैरे शेड्यूल एच-वन मध्ये येतात, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, चिठ्ठीवर दिल्या तरी रजिस्टरला डॉक्टरचं नाव-पत्ता आणि पेशंटचं नाव लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. "ओळख आहे ना आपली" म्हणून मागणाऱ्याला मी ओळख आहे म्हणूनच देत नाही. आणि ज्याला जगण्याचाच कंटाळा आलाय, कर्ज, कापसाचा भाव, घरातलं भांडण काहीही असो, त्याच्यासाठी 14416 हा नंबर आहे, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारचीच, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी तो काउंटरच्या काचेला आतून चिकटवलाय, पैसे देताना नजर पडेल असा. मित्राला लावून द्यायचा असेल तर नुसता नंबर देऊ नका, फोन लागेपर्यंत शेजारी बसा.

आता शेवटचा उपाय, आणि सलाईनच्या बाबतीत जे म्हटलं ना, निवांत पडणं, हातात मोबाईल नसणं, शेजारी माणसं असणं, ते सगळं एकाच ठिकाणी मिळतं असा. भरीत. हॉटेलातलं नाही, मळ्यातलं. थंडी पडली की कुणाच्या तरी मळ्यात जमायचं, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि त्यात ती हिरवी-पांढरी लांबट वांगी टाकायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, पऱ्हाटीचा जाळ भसकन वर येतो आणि लगेच बसतो, साल करपते पण आत गर मऊ लोण्यासारखा होतो, देठाजवळ बोट दाबलं आणि रुतलं की झालं. मग गरम गरमच सोलायचं, बोटं भाजतात, काळी होतात, फुंकर मारत मारत एकेकाची साल काढायची. लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायचं. तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तळून ठेचून त्यात, वर पातीचा कांदा आणि मूठभर कोथिंबीर. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकर, आणि मुळा.

याच्यात तुम्ही उदास बसूच शकत नाही कारण बसू देत नाहीत. आल्या आल्या हातात चाकू नाहीतर वांगी देतात. काळ्या हातांनी मोबाईल खिशातून काढता येत नाही, तो वाजून वाजून गप्प होतो. धुरानं डोळ्यांत पाणी येतं, त्यात एखाद्याला खरंच रडायचं असेल तर तेही खपून जातं. मागच्या थंडीत आमच्यातला एक जण, महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हता, तिथं वांगी सोलता सोलता एकदम म्हणाला, "पोरीनं लगीन मोडनं रे भो." म्हणजे पोरीचं लग्न मोडलं. कोणी सल्ला दिला नाही. एकाने त्याच्याकडं आणखी चार वांगी सरकवली आणि म्हणाला, "बोल तू, आम्ही ऐकी ऱ्हायनूत." तो बोलला मग, भरीत होईपर्यंत बोलत होता.

यंदा कुणाच्या मळ्यात करायचं ते अजून ठरलेलं नाही. एकाचं म्हणणं नदीकाठी, दुसऱ्याचं म्हणणं तिथं डास आहेत. वांगी मात्र यावल तालुक्यातल्या बामणोदचीच आणायची यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणायला जाणार कोण यावर ग्रुपवर तीन दिवसांपासून शांतता आहे.